सिस्टर इमेल्डा आणि पेज ओढणारा पंप

सिस्टर इमेल्डा गाळ्याच्या दारात दिसल्या की आमचा लेथवाला रफीक मशीन बंद करायचा आणि मी वैतागायचो. रफीकला अदब होती, मला अनुभव होता. या बाई तीन-चार वर्षांतून एकदा उगवणार, परतीचं विमान तोंडावर आलेलं असताना उगवणार, आणि मागणार काय, तर एक नग. साकीनाक्याला एक नग कोणी करत नाही. हजार नगांची ऑर्डर आणणाऱ्याला इथे चहा मिळतो, शंभरवाल्याला पुढच्या महिन्याचा वायदा मिळतो, आणि एकवाल्याला शेजारच्या गाळ्याचा पत्ता मिळतो. सिस्टरना शेजारचा पत्ता देऊन उपयोग नसायचा. त्या तिथे आधीच जाऊन आलेल्या असायच्या.

त्या मूळच्या मरोळच्या, गावठाणातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती घरातल्या. मरोळला मेट्रो आली, काचेची ऑफिसं आली, पण त्यांचं बोलणं जुन्या गावठाणातलंच राहिलं होतं, कारण ऐन तरुणपणी त्या आफ्रिकेत गेल्या त्या गेल्याच. शिक्षणाने नर्स आणि सुईण. त्यांच्या नन्सच्या संस्थेने त्यांना अशा देशात धाडलं होतं, ज्याला कुठल्याही बाजूने समुद्र लागत नाही. आम्ही मालवणकडची माणसं, त्यामुळे माझ्या आईला याचंच सगळ्यात वाईट वाटायचं. "मगे थंयची माणसां खातत काय?" असं तिने त्यांना एकदा काळजीने विचारलं होतं. सिस्टर म्हणाल्या होत्या, मिळेल ते.

तिकडे एका नदीपलीकडे मिशनचं छोटं हॉस्पिटल, त्यात बाळंतिणींची एक खोली, आणि त्या खोलीत सिस्टर. डॉक्टर अधूनमधून फेरी मारायचा, तीही रस्ता असेल तर. पावसाळ्यात नदी फुगली की रस्ता बंद, आणि मग पाणी उतरेपर्यंत त्या खोलीत जे काही होईल ते सिस्टरच्या हातून. त्यांच्या मदतीला गावातल्या दोन बायका होत्या, पण शिकलेल्या नर्स त्या एकट्याच. तिथे वीज असून नसल्यासारखी, म्हणून त्यांना पायाने चालणारा पंप लागायचा.

या पंपाचं सोपं आहे. काही पोरं जन्मतात पण रडत नाहीत, कारण नाकातोंडात चिकट पाणी अडकलेलं असतं. ते झटपट ओढून काढलं तर पोर श्वास घेतं. पंपात एक रबरी भाता असतो. पेडल दाबलं की भाता मिटतो, पाय उचलला की आतली स्प्रिंग त्याला उघडते, आणि उघडताना तो हवा खेचतो. हवेबरोबर नळीतून ते पाणी बाटलीत येतं. सगळी ताकद त्या स्प्रिंगची. बाजारात असे पंप मिळतात, पण सिस्टरना तिकडच्या धुळीत, तिकडच्या उन्हात, दुरुस्तीला माणूस नसताना टिकेल असा हवा होता. म्हणून त्या आमच्या डोक्यावर येऊन बसायच्या. खरोखर बसायच्या. दाराजवळच्या उलट्या डब्यावर बसून, काम होईपर्यंत हलायच्या नाहीत. आपण म्हणालो, "होईल सिस्टर, उद्या होईल," की उत्तर ठरलेलं: "होईल-बिईल मला नको. लाव आणि दाखव."

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा बाबा होते. बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी गेल्यावर त्यांनी हा गाळा घेतला, आणि एक नगाचं काम घेणारा साकीनाक्यातला बहुधा एकमेव माणूस म्हणून शेवटपर्यंत घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. मी तेव्हा नुकता हाताखाली लागलो होतो. बाबांनी सिस्टरना देखणा पंप करून दिला. बादलीतलं पाणी सरसर बाटलीत चढलं, आम्ही सगळे खूष, सिस्टरही खूष. त्या गेल्या.

पुन्हा आल्या त्या काही वर्षांनी. डब्यावर बसल्या, पिशवीतून तोच पंप काढून बाबांपुढे ठेवला. बाबांनी हसत विचारलं, कसा चालला. सिस्टर म्हणाल्या, बरीच पोरं वाचली. मग जराही आवाज न बदलता म्हणाल्या, "एकदा अडला. नळीत घट्ट आलं आणि तिथेच राहिलं. मी तोंडाने ओढलं, पण उशीर झाला. मुलगी होती. मेली."

बाबांचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही. ते पंपाकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पाण्यार चललो. मगे थंय कित्याक नाय चललो?"

प्रश्नातच उत्तर होतं. आम्ही पाण्यावर तपासला होता. आयुष्यभर पाण्याचे, तेलाचे, हवेचे पंप केलेली माणसं आम्ही. पोराच्या घशातलं पाणी हे पाणी नसतं, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांनी विचारलं, ते नेमकं किती जाड असतं. सिस्टरनी इकडेतिकडे पाहिलं. जेवणाची वेळ होती, बाबांचा डबा उघडा होता, आणि डब्यात पेज होती, उकड्या तांदळाची, नेहमीची. सिस्टरनी चमच्याने तळातली घट्ट पेज उचलून धरली आणि ती कशी ओघळते ते बघितलं. म्हणाल्या, "अशी."

बाबांनी त्या दिवशी पेज खाल्ली नाही. त्यांनी ती फडक्यातून गाळली, वाटीत घेतली, त्यात नळी बुडवली आणि पेडल दाबून सोडलं. पेज नळीत वीतभर चढून थांबली. ते पुन्हा पुन्हा दाबत राहिले. मला त्यांना थांबवावंसं वाटत होतं. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, "मिस्त्री, रडायचं तर मी गेल्यावर रड. माझं विमान शनिवारी आहे."

शनिवारच्या आत पंप झाला. स्प्रिंग बदलली, व्हॉल्व्हची तोंडं मोठी केली, भाता नवा घातला. तेव्हापासून आमच्या गाळ्यात सिस्टरचा पंप पाण्यावर तपासला गेला नाही. आई सकाळी मुद्दाम घट्ट पेज करून द्यायची. तपासण्याआधी सिस्टर छातीवर क्रूसाची खूण करायच्या, बाबा भिंतीवरच्या गणपतीला नमस्कार करायचे, आणि दोघंही एकमेकांकडे संशयाने बघायचे.

त्याच खेपेला आणखी एक झालं. पंप घेऊन निघताना सिस्टरनी एक कापडी पुरचुंडी बाबांसमोर ठेवली. शेंगदाणे होते, तिकडच्या लाल मातीचे. जी पोरं वाचली त्यांच्या आयांनी पाठवलेले, पंप करणाऱ्यासाठी. बाबांनी हात मागे घेतला. ते म्हणाले, एक पोर माझ्यामुळे गेलं, मी हे कुठल्या तोंडाने खाऊ. सिस्टर पुन्हा डब्यावर बसल्या आणि त्यांनी कोंबडीची गोष्ट सांगितली.

तिकडे गेल्याच्या पहिल्याच वर्षी एका बाईचं पोर त्यांच्या औषधाने सुधारलं. बाई कोंबडी घेऊन आली. सिस्टरनी बघितलं, बाईच्या अंगावरचं कापड फाटलेलं, घरात खायला नाही. त्यांनी कोंबडी घेतली नाही. आपल्याकडे कोणीही भलं माणूस असंच करील. दुसऱ्या दिवशी खाट रिकामी. बाई पोराला घेऊन निघून गेली होती, अजून औषध बाकी असताना. कारण त्या गावात अशी समजूत की बरं करणाऱ्याने भेट नाकारली, तर त्याला कळून चुकलंय की रोगी वाचणार नाही. उगाच उपकार कशाला घ्या, म्हणून तो हात आखडता घेतो. म्हणजे सिस्टरनी दयेने नको म्हटलं, आणि त्या आईने ऐकलं की पोर जाणार. सिस्टर चालत तिच्या गावी गेल्या. तिच्या दारात बसून म्हणाल्या, कोंबडी शिजव. तिथे बसून जेवल्या, आणि मग ती बाई पोराला घेऊन त्यांच्याबरोबर परत आली.

"तेव्हा घे, मिस्त्री," सिस्टर म्हणाल्या. "तू घेतलं नाहीस तर मी समजेन, हा पंपपण चालणार नाही."

बाबांनी पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली. रात्री आईने ते शेंगदाणे भाजले आणि पहिला दाणा बाबांनी खाल्ला.

त्या कोंबडीमुळे सिस्टर कोणालाही नाही म्हणत नसत. रिक्षावाल्याने अर्धा कटिंग चहा पुढे केला, घेतला. रफीकने ईदचा शीरखुर्मा दिला, मधुमेह असून वाटीभर खाल्ला, आणि मी ओरडलो तर मला म्हणाल्या, गप बस. वर्सोव्याला त्यांच्या ओळखीची एक कोळीण होती, म्हातारी, त्यांच्याच वयाची. तिने निघताना सुके बोंबील बांधून दिले. ते विमानातून नेता येणार नाहीत हे सिस्टरना पक्कं ठाऊक होतं. घेतले. मग ते आमच्या गाळ्यात आणून ठेवले, आणि आम्ही पुढचे कितीतरी दिवस त्या वासात लेथ चालवला. एक गिऱ्हाईक तर दारातूनच परत गेलं. मी फोनवर तक्रार केली तेव्हा त्या म्हणाल्या, "तू खा ना रे. तिने मला दिले, मी तुला दिले. कोणाचं काही परत गेलं का?"

आता त्यांच्या शेवटच्या खेपेचं सांगतो. बाबा जाऊन काही वर्षं झाली होती. गाळा माझ्या नावावर, रफीकचे केस पांढरे, बाहेर मेट्रोचे खांब. सिस्टर आल्या त्या काठी घेऊन. मला ते आवडलं नाही, पण मी काही विचारलं नाही. त्यांनी पंप ठेवला. भाता चिरला होता, त्यावर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेले. मी म्हटलं, भाता बदलतो, स्प्रिंग नवी घालतो, दोन दिवसांचं काम आहे. त्या म्हणाल्या, ते करच, आणि पेडल हलकं कर.

मी त्यांना समजावलं. पेडल हलकं करायचं म्हणजे स्प्रिंग मऊ घालायची, आणि स्प्रिंग मऊ घातली की ओढ कमी होणार. त्यांना हे माझ्याइतकंच माहीत होतं. तरी त्यांचं एकच, हलकं कर. मी मऊ स्प्रिंग घातली. पेज नळीत चढली आणि वाटेत अडकली. मी जुनी स्प्रिंग घातली. पेज सरळ बाटलीत. "बघा," मी म्हटलं. त्यांनी पेडलवर हात ठेवून दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "जड आहे. अजून हलकं कर."

मला राग लवकर येतो, आणि माझ्या गाळ्यात तो लपवायची मला सवय नाही. मी म्हटलं, बाबांनी एवढ्या खस्ता खाऊन बसवलेला पंप तुम्ही बिघडवायला सांगताय. त्या आठवड्यात त्या रोज आल्या, रोज डब्यावर बसल्या, आणि रोज आमचं तेच भांडण झालं. विमान जवळ येत होतं. तिकडे नदीला पाणी चढायच्या आत त्यांना पोचायचं होतं, नाहीतर रस्ता बंद. आणि त्या न पोचल्या तर काय, हेही त्यांनी एकदा सांगून टाकलं होतं. दुसरी नर्स मिळेपर्यंत बाळंतिणींच्या खोलीला कुलूप लागणार होतं. बायकांना नदीपलीकडून बैलगाडीने कुठेतरी लांब न्यावं लागणार होतं, आणि फुगलेल्या नदीतून बैलगाडी जात नाही.

मग ते घडलं. रफीक पोलादाचा एक दांडा कातत होता. लेथवरून तापलेला कीस उडून जमिनीवर पडत होता, आणि सिस्टर उठून पंपाकडे आल्या. दोन पावलं टाकली असतील. मला जळल्याचा वास आला. मी खाली बघितलं तर त्यांच्या उजव्या चपलेत कीस शिरला होता, पायाला चिकटला होता, आणि चपलेच्या कडेने रक्त येत होतं. त्या माझ्याशी बोलत होत्या. भाता कुठल्या रबराचा घालतोस, असं विचारत होत्या.

मी ओरडलो. रफीकने लेथ बंद केला. आम्ही त्यांना बसवलं, कीस चिमट्याने काढला, आतली कातडी भाजलेली. त्या बघत होत्या, पण जणू पाय दुसऱ्या कोणाचा होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कळत नाही कधीपासून. बोटं आधी गेली. मग वरपर्यंत."

म्हणजे मधुमेहाने पायातली जाणीव नेली होती आणि जोरही नेत चालला होता. म्हणून पेडल हलकं हवं होतं. माझ्या डोक्यात सगळं एकदम बसलं आणि माझा तोल गेला. मी त्यांना म्हटलं, तुमच्या संस्थेतल्या वरच्या मदरना हे माहीत नाही, हो ना? त्यांना कळलं तर तुम्हाला पाठवणार नाहीत. म्हणून हे हलकं पेडल, आणि मला यात भागीदार करताय. उद्या पोर निळं पडलं, तुमचा पाय पेडलवरून घसरला आणि तुम्हाला कळलंच नाही, तर? ते पोर कोणाच्या नावावर?

रफीक मध्ये पडायला बघत होता. मी त्यालाही गप्प केलं. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कधी कोणी असं बोललं असेल असं मला वाटत नाही, आणि मला त्या क्षणी त्याची पर्वाही नव्हती. मला ती मुलगी गेल्याचं ऐकतानाचे बाबा दिसत होते.

"तुम्ही मदरना सांगा," मी म्हटलं. "नाहीतर पंप मी देणार नाही."

सिस्टर उठल्या. रफीकने पायाला बांधून दिलं होतं. दारात त्या थांबल्या आणि न वळता म्हणाल्या, "मी कोणाशी खोटं बोलले नाही, अनंता. मला कोणी विचारलं नाही, इतकंच." आणि रिक्षात बसून गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. फोनही नाही. मी बाहेरून शेर होतो आणि आतून पार खचलो होतो. मला वाटत होतं, मी त्यांचं जाणं बंद केलं. त्याच वेळी असंही वाटत होतं की बरोबर केलं. दोन्ही एकदम वाटत असलं की माणसाला काम करणं भाग असतं. मी पंप घेऊन बसलो. स्प्रिंग मऊ करता येत नाही, हे तर ठरलेलं. मग पेडलच लांब केलं तर? लांब दांड्यावर तेवढ्याच स्प्रिंगला कमी जोर लागतो, हे आपण हातपंपावर रोज बघतो. पण लांब पेडल सिस्टरच्या बॅगेत मावलं नसतं, आणि पंप त्या हातातल्या बॅगेतच नेत. सामानात टाकलेला एकदा हरवला होता. म्हणून मी पेडलला मध्ये बिजागरी लावली, घडी घालता येईल अशी. रफीक म्हणाला, "सेठ, वो जायेंगी नहीं तो किसके लिए बना रहे हो?" मी त्याला लेथकडे पाठवला.

विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी गाळ्यासमोर रिक्षा थांबली. आधी सिस्टर उतरल्या, मागून एक बारीक, चष्मा लावलेल्या बाई. त्या मदर. वसईच्या, सिस्टरपेक्षा वयाने लहान, पण संस्थेत वरच्या. सिस्टरनी नेहमीच्या डब्याकडे बघितलं, पण त्या बसल्या नाहीत. मदरच बोलल्या. सिस्टरनी स्वतःहून सगळं सांगितलं होतं, पायाचं, हलक्या पेडलचं आणि माझ्या ओरडण्याचंही.

"मी त्यांना इथेच ठेवायचं ठरवलंय," मदर म्हणाल्या. "पण त्या म्हणतात, आधी पंप बघा."

मी सिस्टरकडे बघितलं. त्यांचा चेहरा दगडासारखा. मी पेडल उघडलं, बिजागरी सरळ केली. आईने घरून पेज पाठवली नव्हती, कारण कोण येणार हे तिला माहीतच नव्हतं. रफीक धावत जाऊन कोपऱ्यावरच्या मालवणी खानावळीतून घेऊन आला. मी ती गाळली. सिस्टरनी नळी हातात घेतली. ते हात बघण्यासारखे होते. काठीवर थरथरणारे हात नळी धरली की एकदम स्थिर व्हायचे.

मी पाय पुढे केला तर सिस्टर म्हणाल्या, तू नको. मग मदरना म्हणाल्या, "खाटेपाशी पोराची आजी बसलेली असते. माझ्यासारखीच म्हातारी. पाय तिचा लागेल. तुम्ही दाबा."

मदरनी झगा जरा वर धरून पेडलवर पाय ठेवला. दाबला, सोडला. पेज नळीत चढली. पुन्हा दाबला, आणि बिजागरी मधूनच वाकली. पेडल खाली बसलं. पेज परत वाटीत गेली.

सिस्टरनी नळी सोडली नव्हती. मी खाली वाकलो, बिजागरीची खीळ सैल होती, दाब आला की घसरत होती. रफीकने माझ्या हातातून पेडल ओढूनच घेतलं, जाड खीळ शोधली, भोक मोठं केलं, ठोकली, मागून चाप लावला. तेवढ्या वेळात मदर घड्याळाकडे बघत होत्या आणि सिस्टर वाटीतल्या पेजेकडे.

"आता," रफीक म्हणाला.

मदरनी पुन्हा पाय ठेवला. दाबला, सोडला. दाबला, सोडला. पेडल खाली जाताना त्यांना जोर लावावा लागत नव्हता, ते मला त्यांच्या गुडघ्यावरून दिसत होतं. पेज चढली, वळणावर आली, आणि तिथे न थांबता बाटलीत पडली. मग सतत पडत राहिली. वाटी रिकामी झाली तरी मदर पेडल दाबतच होत्या. सिस्टरनीच त्यांना थांबवलं.

मदर चष्मा पुसत बसल्या. मग सिस्टरना म्हणाल्या, "तुम्ही जा. पण पेडलवर तुमचा पाय कधी पडायचा नाही. हात तुमचे, पाय दुसऱ्या कोणाचा. आणि नर्स मिळाली की मी बोलावेन, तेव्हा यायचं."

सिस्टर म्हणाल्या, हो. इतकंच. मग त्या डब्यावर बसल्या, आणि मला दिसलं की त्यांना उभं राहणं किती वेळापासून झेपत नव्हतं. मी माफी मागायला गेलो तर त्यांनी मला गप्प केलं. म्हणाल्या, तू ओरडलास म्हणून मी सांगितलं, नाहीतर तशीच गेले असते, आणि तू म्हणालास तेच झालं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. बाबा असते तर त्यांनाही आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहारच्या विमानतळावर सोडायला मदर आणि मी गेलो. आत आपल्याला सोडत नाहीत, आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो. सिस्टर ट्रॉली ढकलत गेटपाशी गेल्या आणि तिथेच अडकल्या. गेटवरच्या सुरक्षेच्या बाईने हातातली बॅग उघडायला लावली. आत नळ्या, बाटली, स्प्रिंग, घडीचं पेडल. ती बाई तरुण होती, खाकीतली, कडक. तिने वरिष्ठाला खूण केली. मागे रांग वाढत होती. आत सोडणार नाहीत, पंप काढून ठेवतील, अशी धास्ती मला वाटली, आणि मदर पुटपुटत प्रार्थना करत होत्या ते ऐकू येत होतं.

सिस्टरनी वाद घातला नाही. त्यांनी पंप काढून फरशीवर मांडला, पेडल उघडलं, नळी स्वतःच्या पाण्याच्या बाटलीत धरली आणि त्या खाकीतल्या बाईला म्हणाल्या, "बेटी, इसपे पाँव रख." तिने बूट ठेवला, दाबला, सोडला. पाणी सरकन चढलं. सिस्टरनी दोन शब्दांत काहीतरी सांगितलं, हातांनी एवढंसं पोर दाखवलं. त्या बाईने आणखी दोनदा दाबलं, नको असताना. मग तिने आपल्या हाताने पंप गुंडाळून बॅगेत ठेवला, सिस्टरना उठवलं आणि वाट दिली.

सिस्टर ट्रॉलीच्या आधाराने आत गेल्या. त्यांनी मागे बघितलं नाही. आणि गेटच्या आत, थोड्याच अंतरावर, त्यांची उजवी चप्पल पायातून निघून मागे राहिली. त्यांना कळलं नाही. त्या तशाच पुढे चालत होत्या, एका पायात चप्पल, दुसऱ्याला पांढरी पट्टी.

मी हाक मारायला तोंड उघडलं. मदरनी माझा हात घट्ट धरला. त्यांनाही दिसलं होतं. माझ्यासारखंच त्यांच्याही मनात आलं असणार, की आता कोणी विचारलं, बाई, तुम्हाला पायाला काही कळत नाही का, तर सगळं इथेच थांबेल. आम्ही दोघं त्या चपलेकडे बघत उभे राहिलो.

त्या खाकीतल्या बाईला चप्पल दिसली. तिने ती उचलली, आमच्याकडे एकदा बघितलं, आणि रांग तशीच सोडून आत धावली. सिस्टर ट्रॉलीवर रेलून उभ्या होत्या. ती बाई त्यांच्या मागे गुडघ्यावर बसली, टाच हळूच उचलली, चप्पल घातली, पट्टा लावला, आणि काही न विचारता उठून आपल्या गेटवर परत आली. सिस्टर वर बोर्डाकडे बघत आपलं विमान शोधत होत्या.